बिनकाट्याची घायपात

आज समोर बोईसर, तारापूर आणि पालघरची मंडळी बरीच दिसतायत, म्हणून तुमच्याकडच्याच एका झाडापासून सुरुवात करू. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या फाटकाशी, बोईसरच्या नव्या इमारतींच्या प्रवेशाशी, एखाद्या बंगल्याच्या पायरीजवळ राखट हिरव्या, मऊसर पानांचं, मोठ्या कमळासारखं उमललेलं एक झाड असतं. नर्सरीवाले त्याला नुसतं ‘अगेव्ह’ म्हणतात. शास्त्रीय नाव अगेव्ह ॲटेन्युएटा. आम्ही त्याला बिनकाट्याची घायपात म्हणतो, कारण घायपात आपल्याला ओळखीची आहे.

घायपात म्हणजे बांधावरची, रेल्वेच्या कडेची ती काटेरी. तिच्या पानांतून वाख निघतो, वाखाचे दोर होतात. काही भागांत तिलाच केकताड म्हणतात. पानाच्या कडेला करवतीसारखे दात आणि टोकाला दाभणासारखा काटा. नावातच ‘घाय’ आहे, म्हणजे जखम. गुरं आत येऊ नयेत म्हणून कुंपणाला ती उत्तम. पण तीच लहान मुलांच्या शाळेच्या वाटेवर लावली तर टोकाचा काटा बरोबर मुलाच्या डोळ्याच्या उंचीला येतो. बिनकाट्याच्या जातीला बागेत मागणी आली ती मुख्यतः यामुळे.

ही मूळची मध्य मेक्सिकोची. तिथल्या डोंगरांत, साधारण १९०० ते २५०० मीटर उंचीवर, खडकाळ कड्यांवर वाढते. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तिचं माहेर त्याहूनही वर. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ साल्म-डाइक यांनी १८३४ साली तिला शास्त्रीय नाव दिलं. कूळ शतावरीचं. आपल्या जंगलातली शतावरी आणि ही एकाच घरातल्या, दिसायला मात्र काही संबंध नाही.

आता कड्यावरचं झाड म्हटल्यावर एक गोष्ट लक्षात घ्या. कड्यावर पाणी थांबत नाही. आणि आपल्याकडे? वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बोईसरला ही झाडं मरतात ती उन्हाने नाही, पावसाने मरतात. आम्हीही सुरुवातीला एक अख्खी रांग सपाट वाफ्यात लावली होती. जुलैअखेर बुंधे मऊ पडले, पानं ओढली की हातात यायला लागली, खाली नुसता वास. नर्सरीवाल्याला दोष द्यायचं काही कारण नव्हतं, चूक आमचीच.

तेव्हापासून आम्ही जमिनीत लावायची झाली तर वीतभर उंच गादी करतो. एक भाग माती, एक भाग जाड रेती, एक भाग विटांचे तुकडे किंवा खडीची कच. चिंचणीच्या किनाऱ्यावरची रेती आणू नका, तिच्यात मीठ असतं आणि किनारा उपसणंही बरं नाही. पत्र्याच्या पागोळीखाली कुंडी ठेवायची नाही. पहिल्या पावसापासून गणपतीपर्यंत वरून पाण्याचा थेंबही घालायचा नाही. आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदम बाहेर काढू नका. ढगाळ हवेला सरावलेली पानं पांढरी भाजतात, तो डाग जन्मभर राहतो. आठवडाभर अर्ध्या सावलीत, मग उन्हात.

आता ज्यासाठी आज मुद्दाम हा विषय घेतला त्याकडे येतो. हे झाड विकताना सांगतात, ‘रात्री ऑक्सिजन देतं, हवा शुद्ध करतं.’ यातला पहिला भाग कुठून आला बघा. बहुतेक झाडं पर्णरंध्रं दिवसा उघडतात. ही रात्री उघडते, कारण दिवसा उघडली तर कोरड्या मुलखात पाणी उडून जाईल. रात्री ती कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवते. दिवसा रंध्रं मिटून, उन्हाच्या मदतीने त्याची साखर करते. ऑक्सिजन तयार होतो तो याच दिवसाच्या कामात, कारण त्याला प्रकाश लागतो. रात्री ती ‘घेते’ हे खरं, त्याचं ‘देते’ कधी झालं कोण जाणे.

दुसरा भाग अधिक गंभीर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत वर होतं, ९३.६९ गुणांनी. तिथे राहणाऱ्या माणसाला ‘ही कुंडी ठेवा, हवा साफ होईल’ असं सांगणं आम्हाला पटत नाही. कुंड्यांच्या कौतुकाचा उगम १९८९च्या नासाच्या प्रयोगांत आहे, पण ते बंद पेटीत केले होते. २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा असं निघालं की इमारतीत नुसत्या वायुवीजनाने जेवढी हवा स्वच्छ होते तेवढं काम करायला दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील. म्हणजे घरात माणसाला उभं राहायला जागा नाही.

कारखान्यांचंही तेच. पर्यावरण मंजुरीच्या अटींत भूखंडाच्या ठरावीक भागावर हरितपट्टा मागतात. तो हिरवळ आणि अगेव्हने भरला तर फोटो छान येतो. धूळ अडवायला मात्र उंच, दाट पानांची झाडं लागतात : करंज, भेंड, ताम्हण. ही फाटकाशी शोभेला असू द्या की, आमची ना नाही.

काटे नाहीत म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. पानाच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. सुरण चिरताना हात खाजतो ना, तेच. घरमालक हे झाड क्वचितच कापतो, कापतो तो रोजंदारीवरचा माळी, उघड्या हातांनी, कधी गवत कापायच्या यंत्राने. मग रस मनगटावर, तोंडावर उडतो. त्याला रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा द्या. दोन्ही मिळून कुंडीपेक्षा स्वस्त पडतात.

राहिलं फुलणं. बऱ्याच वर्षांनी मधून एक लांब दांडा निघतो आणि कमानीसारखा खाली वाकतो, अडीच-तीन मीटरपर्यंत. म्हणूनच इंग्रजीत त्याला कोल्ह्याची शेपटी म्हणतात. फुलून झालं की तो पानांचा गुच्छ मरतो. लोक घाबरून औषध फवारतात. अहो, केळीचं काय होतं? घड आला की ते खोड संपलं, बाजूला पिल्लं तयार. इथेही तसंच. शिवाय दांड्यावर कधी कधी चिमुकली रोपं धरतात, ती खुडून लावता येतात.

बुंध्याजवळची पिल्लं धारदार सुरीने काढा आणि सावलीत आठवडाभर ठेवा, घाव सुकू द्या. ओल्या घावाने लावलं की कुजलंच. दाराशी टेबलावर ठेवलेली पिल्लं आम्ही गेल्या आठवड्यातच काढली आहेत, घाव वाळलेत. जाताना एकेक घेऊन जा, आणि लावल्यावर पहिले आठ दिवस पाणी घालू नका.