बंगालच्या उपसागरातला बंदोबस्त

खानदेशाला लष्कर ओळखीचं आहे ते जमिनीवरचं. भुसावळची आयुध निर्माणी 1949ची, वरणगावची 1964ची. वरणगावात रायफलींची काडतुसं तयार होतात. समुद्र मात्र दूर. त्यामुळे 1971च्या युद्धात एका जहाजाने पायदळाचा भार कसा हलका केला, ही हकिगत जळगाव-धुळ्यात क्वचितच निघते. 4 डिसेंबरचा नौदल दिन म्हटला की कराचीवरचा रात्रीचा हल्ला आठवतो. त्याच दिवशी सकाळी पूर्वेला विमानवाहू नौका ‘विक्रांत’ने काय केलं, ते मागे पडतं.

पूर्व पाकिस्तानात आपलं सैन्य तीन बाजूंनी शिरत होतं. चौथी बाजू पाण्याची. चितगाव, मोंगला, कॉक्स बझार मोकळी राहिली असती, तर शत्रूला कुमक मिळाली असती किंवा निसटायला वाट.

ही बाजू बंद करायचं काम ‘विक्रांत’कडे होतं. पण तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेलेले. जहाज चालायचं वाफेवर आणि विमान उडवणारा कॅटापुल्टही त्याच वाफेवर. विमान तारेने कॅटापुल्टला अडकवायचं, जहाज वाऱ्याच्या तोंडावर घालून जोरात हाकायचं आणि वाफेच्या एका झटक्यात ते डेकवरून पुढे भिरकावायचं. जहाज मंद असलं की पंखांना वारा कमी पडतो, विमानाला ओझं कमी उचलता येतं. अशा अवस्थेत कॅप्टन स्वराज प्रकाश यांनी जहाज लढवलं. आठ सी हॉक विमानांनी कॉक्स बझारचा विमानतळ झोडपला, पाठोपाठ चितगाव. पुढच्या दिवसांत खुलना आणि मोंगलाही सुटले नाहीत. अलिझे विमानं तर रात्रीही जात. ‘विक्रांत’च्या मागावर आलेली पाकिस्तानी ‘गाझी’ पाणबुडी तोवर विशाखापट्टणमजवळ बुडाली होती.

सगळंच सुरळीत झालं नाही. खुलन्याजवळ 10 डिसेंबरला कमांडर मोहन नारायण सामंत यांच्या गनबोटींवर आपल्याच हवाई दलाने चुकून हल्ला केला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ गेल्या. सामंतांनी बुडणाऱ्यांना वाचवलं, त्यांना महावीरचक्र मिळालं. युद्धाच्या अखेरीस आपली जहाजं कॉक्स बझारला सैनिक उतरवायला गेली, तेव्हा वाळूच्या बांधाने घात केला आणि काही जवान बुडाले. बंदर बंद पाडणं एक, किनाऱ्यावर पाय रोवणं वेगळं.

माझं मत स्पष्ट आहे. विमानवाहू नौका सैनिकाच्या शेजारी उभी राहून लढत नाही, ती शत्रूची पाठ मोकळी राहू देत नाही. तेही आकाश आपल्या हाती असेल तरच. पूर्वेला ते होतं. म्हणून दुखऱ्या बॉयलरचं जहाजही पुरलं. पश्चिमेला ‘विक्रांत’ला धाडलं नाही, हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

खानदेशातल्या ज्या घरांतून कोणी 1971मध्ये नौदलात होतं किंवा भुसावळ-वरणगावच्या निर्माणीत पाळीवर होतं, त्यांनी त्या आठवणी आताच लिहून ठेवाव्यात. ती पिढी ऐंशीच्या घरात आहे.