हरताळाखालची अक्षरे : व्हिडिओ गेमच्या फाइलींतील परित्यक्त सामग्री

खेळणाऱ्याला पडद्यावर जे दिसते आणि खेळाच्या फाइलींत जे साठविलेले असते, ती दोन्ही एकच नव्हेत. बाजारात आलेल्या पुष्कळ व्हिडिओ गेममध्ये खेळाच्या ओघात कधीही न येणारी चित्रे, कोणत्याही पात्राच्या तोंडी न पडणारी वाक्ये, न वाजणारे संगीत, ज्यांत प्रवेशाची वाटच नाही अशी दालने आणि अर्धवट सोडून दिलेले प्रसंग पडून असतात. गेली कित्येक वर्षे हौशी अभ्यासकांनी फाइली उकलून ही सामग्री बाहेर काढण्याचे काम चिकाटीने केलेले आहे. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकांचे लक्ष मात्र तिकडे फारसे गेलेले नाही. वस्तुतः हा प्रश्न त्यांच्याच घरचा आहे. एखाद्या कृतीची संहिता म्हणजे नेमके काय, हा तो प्रश्न होय.

मराठीत एखाद्या गोष्टीला 'हरताळ फासणे' असा वाक्प्रचार आहे. त्याचा उगम लेखनिकाच्या बैठकीत झालेला आहे. पोथी नकलताना अक्षर चुकले, तर ते खरवडून काढण्याऐवजी त्यावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत आणि लेप वाळल्यावर त्यावर शुद्ध अक्षर लिहीत, किंवा जागा तशीच मोकळी सोडीत. (दुकाने बंद ठेवण्याच्या अर्थाचा हरताळ हा शब्द निराळा, त्याचे मूळ हाट आणि ताळा यांत आहे. दोन शब्द उच्चाराने एक झाल्यामुळे वाक्प्रचाराचा अर्थ सांगताना अनेकांची गफलत होते.) लेपाखालचे अक्षर नष्ट होत नाही. ते केवळ वाचनातून वगळले जाते, आणि पुढे कधी लेप झिजला म्हणजे पुन्हा डोकावू लागते. व्हिडिओ गेम रचणारे वगळणुकीची जी रीत अवलंबितात, ती तत्त्वतः हीच आहे.

तिचे यांत्रिक कारण समजण्यास एखाद्या जुन्या वाड्यातील पोथ्यांचा संग्रह डोळ्यांपुढे आणावा. रुमालात बांधलेल्या शेदोनशे पोथ्या आहेत आणि कोणती पोथी कोणत्या रुमालात आहे, हे सांगणारी एक सूची आहे. वाचक सूचीवरून पोथीकडे जातो. आता एखादी पोथी वाचनातून काढावयाची झाल्यास दोन मार्ग संभवतात: रुमाल सोडून ती पोथी बाहेर काढणे, अथवा सूचीतील तिच्या नावावर रेघ ओढणे. दुसरा मार्ग सोपा आणि निर्धोक असतो. गेमच्या फाइलींतही चित्र, ध्वनी, वाक्य हे घटक एकीकडे साठविलेले असतात आणि अमुक क्षणी अमुक क्रमांकाचा घटक आणावा, अशा सूचना दुसरीकडे असतात. प्रसंग गाळावयाचा तर सूचना तेवढी काढतात. घटक जागच्या जागी राहतो. तो उपटून काढला, तर पुढच्या सर्व घटकांचे क्रमांक सरकण्याचा आणि भलत्याच ठिकाणी भलताच घटक उमटण्याचा धोका असतो. प्रकाशनाची तारीख तोंडावर आलेली असताना असा धोका शहाणा माणूस पत्करीत नाही. शिवाय काडतुसाच्या काळातील गेममध्ये स्मृतिचिपेची क्षमता ठरावीक टप्प्यांनीच वाढत असल्यामुळे थोडीशी सामग्री काढून खर्चात बचतही होत नसे.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. फाइलीत दडलेले सर्वच काही परित्यक्त नसते. काही हेतुपुरस्सर लपविलेले असते. अटारी कंपनीच्या १९८० मधील 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये वॉरेन रॉबिनेट या रचनाकाराने एक गुप्त दालन ठेवून त्यात आपले नाव लिहिले होते, कारण त्या काळी कंपनी रचनाकारांना श्रेय देत नसे. याचे मराठी सजातीय उदाहरण म्हणजे महानुभावांची सकळ लिपी. तेथे मजकूर लपविला आहे तो अधिकारी वाचकाने शोधावा म्हणून. परित्यक्त सामग्रीला असा वाचक अभिप्रेतच नसतो. ती कोणाला उद्देशून राहिलेली नसते. ती नुसती राहिलेली असते. पुरावा म्हणून तिचे मोल याच कारणाने अधिक आहे, कारण वाचकाची दिशाभूल करण्याचा हेतू तिच्या ठायी असू शकत नाही.

हा पुरावा कसा वाचावा, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण १९९६ मध्ये जपानात प्रसिद्ध झालेल्या 'पोकेमॉन'च्या पहिल्या जोडगेममध्ये मिळते. खेळणाऱ्यास त्यात १५१ प्राणी आढळतात आणि त्यांना १ ते १५१ असे जाहीर क्रमांक आहेत. फाइलीत मात्र निराळाच अंतर्गत क्रम आहे आणि त्यात १९० जागा आहेत. उरलेल्या ३९ जागा रिकाम्या असून तेथे 'मिसिंगनो', म्हणजे 'क्रमांक नाही' अशा अर्थाचे नाव भरलेले आहे. अंतर्गत क्रमात पहिला प्राणी ऱ्हायडन हा आहे, आणि सर्वांत आधी तोच तयार झाला, असे रचनाकारांनीही पुढे सांगितले. म्हणजे जाहीर क्रम हा वाचकासाठी मागाहून लावलेला आणि अंतर्गत क्रम हा निर्मितीचा, असे अनुमान स्वाभाविकपणे निघते.

पण हे अनुमान सर्वत्र लावता येत नाही. म्यू या प्राण्याची अंतर्गत जागा २१ वी, म्हणजे बरीच आरंभीची आहे. तथापि शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरच्या सांगण्याप्रमाणे, तपासणीसाठी घातलेला कोड काढून टाकल्यावर सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली आणि त्या जागेत म्यू अगदी शेवटी बसविण्यात आला. मग २१ व्या स्थानाचा अर्थ काय? तेथे आधी दुसरा कोणी होता आणि तो गेल्यावर जागा पुन्हा वापरली, किंवा म्यूची कल्पना जुनी आणि रचना नवी, असे दोन्ही पर्याय शक्य आहेत. केवळ फाइलीवरून त्यांत निवड करता येत नाही. पानाच्या शेवटी जागा उरली म्हणून लेखनिकाने एखादे स्तोत्र लिहून ठेवावे, आणि पुढच्या संपादकाने पानाच्या जुनेपणावरून स्तोत्राचे जुनेपण ठरवावे, यासारखा हा पेच आहे. स्थान जुने म्हणून त्या स्थानावरील मजकूर जुना, असे समजणे पाठचिकित्सेत जितके घातक, तितकेच येथेही.

त्याच फाइलीत प्राध्यापक ओक या पात्राशी लढण्याची सिद्धता करून ठेवलेली आढळते. त्याच्याजवळील प्राण्यांचे तीन संच ६६ ते ७० या स्तरांसह नोंदलेले आहेत. परंतु खेळात ही लढत कोठेही होत नाही. हे स्तर खेळातील अखेरच्या प्रतिस्पर्ध्याच्या वरचे आहेत. एवढ्यावरून ओक हाच शेवटचा प्रतिस्पर्धी व्हावयाचा होता, असे बेधडक विधान पुष्कळांनी केलेले आहे. स्तरांवरून ही लढत उत्तरार्धात योजली होती, इतकेच म्हणता येते.

भाषाभ्यासकाला यात आणखी एक निराळेच धन सापडते. गेममधील वाक्ये बहुधा एका स्वतंत्र कोष्टकात असतात, आणि भाषांतरकाराच्या हाती ते कोष्टक दिले जाते, खेळ नव्हे. परिणामी गाळलेल्या प्रसंगांतील वाक्यांचेही इमाने इतबारे भाषांतर होते. ज्या वाक्याला वक्ता नाही, श्रोता नाही आणि प्रसंगही नाही, असे वाक्य चार-पाच भाषांत उपलब्ध असते. संदर्भावाचून भाषांतरकार सर्वनामाचे लिंग, आदरार्थी रूप किंवा क्रियापदाचा काळ कसा निवडतो, याचा अभ्यास करण्यासाठी याहून नैसर्गिक सामग्री मिळणे कठीण आहे.

हरताळाखालच्या अक्षराची जबाबदारी कर्त्यावर असते काय, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २००४ मधील 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' या गेममधील एक कामुक प्रसंग रचनाकारांनी बंद केला होता, पण काढला नव्हता. जून २००५ मध्ये नेदरलँड्समधील एका हौशी प्रोग्रामरने तो चालू करणारी छोटी फाइल प्रसिद्ध केली. हे बाहेरच्यांचे उपद्व्याप आहेत, अशी प्रकाशकांची पहिली भूमिका होती. परंतु तो प्रसंग मूळ तबकडीतच असल्याचे सिद्ध झाल्यावर जुलैमध्ये अमेरिकेतील वर्गीकरण मंडळाने त्या गेमला केवळ प्रौढांसाठीचा वर्ग दिला. म्हणजे मंडळाने संहितेची व्याख्याच बदलली: जे खेळले जाते तेवढेच नव्हे, तर जे वितरित होते ते सर्व. ही व्याख्या नियमनास सोयीची असली तरी अभ्यासास ग्राह्य नाही. तिच्यानुसार लेपाखालचे अक्षर आणि लेपावरचे अक्षर ही दोन्ही सारख्याच अधिकाराने ग्रंथाची होतात.

याच्या उलट टोकाचा उपक्रम म्हणजे गाळलेले परत आणणे. 'स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' या गेमचा दुसरा भाग डिसेंबर २००४ मध्ये घाईने प्रसिद्ध झाला आणि त्याचा शेवट तुटक राहिला. फाइलींत मात्र ध्वनिमुद्रित संवाद आणि अर्धे रचलेले प्रसंग होते. चाहत्यांच्या एका गटाने कित्येक वर्षे खपून त्यांची जोडणी केली. त्यांची एक गोष्ट विशेष दाद देण्याजोगी आहे: यंत्रमानवांच्या एका ग्रहाचा जो भाग उभा करण्यासाठी बरीच नवी रचना करावी लागली असती, तो त्यांनी मुख्य पुनर्रचनेत घेतला नाही, तो स्वतंत्र प्रसिद्ध झाला. अवशेषांवरून सिद्ध होणारे आणि अनुमानाने भरलेले यांतील रेषा त्यांना दिसत होती. तरीही त्यांनी जे तयार केले ती मूळ कृती नव्हे; ती एक नवी वाचना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत संहितेबाहेर ठरलेला मजकूर टाकून दिलेला नाही, आणि संहितेत घुसविलेलाही नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवला आहे. गेमच्या परित्यक्त सामग्रीचे योग्य स्थान हेच होय.

परिशिष्टाची ही शिस्त नसेल तर काय होते, हे पाहण्यास बीडपर्यंतच जावे लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत ओवी घालू नये, असे बजावले. त्यांनी कोणते पाठ अशुद्ध मानून वगळले, याची नोंद मात्र मागे उरलेली नाही. ज्ञानेश्वरीचा सारा पुढील प्रवास या लेपाच्या वरून झाला. लेपाखाली काय होते, हे जाणण्याचा मोठा प्रयत्न वि. का. राजवाडे यांनी केला. बीड येथील पाटांगणावर मिळालेली प्रत एकनाथपूर्व आहे, असे प्रतिपादून त्यांनी १९०९ मध्ये तिच्यावरून ज्ञानेश्वरी छापली आणि तीतील मराठीचे व्याकरणही त्याच वर्षी प्रसिद्ध केले. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा एक पायाच या प्रतीवर उभा राहिला. १९६० मध्ये निघालेली शासकीय प्रतही प्रामुख्याने राजवाडे यांच्या संहितेस अनुसरते. आणि ते मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. तिच्या प्राचीनत्वाविषयी शंका घेतल्या गेल्या, त्यांचे निराकरण कागद, शाई, अक्षरवळण पाहूनच व्हावयाचे. ते पाहण्यास पानेच नाहीत. प्रथमेचे एखादे उकारान्त रूप तेराव्या शतकाचे की जुनाटपणाची हौस असलेल्या लेखनिकाचे, हे छापील पुस्तकावरून ठरविता येत नाही. साक्षीदार एकच होता, आणि त्याची उलटतपासणी होण्यापूर्वीच तो दिसेनासा झाला.

गेमची परिस्थिती वरकरणी याच्या नेमकी उलट आहे. साक्षीदार लक्षावधी आहेत आणि एका आवृत्तीच्या सर्व प्रती बाइटगणिक सारख्या आहेत. त्यामुळे एकाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्यास पडताळता येतो. परंतु हे सारे साक्षीदार कुलुपात आहेत, आणि काडतुसे व तबकड्या जीर्ण होत आहेत. नव्या गेममध्ये तर प्रकाशक दूरस्थपणे फाइल बदलतो आणि आधीची अवस्था खेळणाऱ्याच्या यंत्रावरून पुसली जाते. हरताळ लावण्याऐवजी पानच बदलले जाते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ यातील कलम ५२ संगणक प्रोग्रामच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करून त्यामागील तत्त्वे जाणून घेण्यास मुभा देते. २०१२ मध्ये आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे दंडनीय ठरविते; अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या प्रयोजनास मात्र ते लागू होत नाही. २०२० मध्ये निन्टेंडो कंपनीच्या सर्व्हरवरून चोरीस गेलेली अंतर्गत सामग्री प्रसृत झाली, ती या चौकटीत बसत नाही, आणि पुराव्याच्या दृष्टीनेही तिची जात वेगळी आहे: ती लेपाखालची अक्षरे नसून लेखनिकाच्या घरातील कच्चे कागद आहेत. दोन्हींची सरमिसळ एकाच यादीत करण्याची जी प्रथा पडली आहे, ती अभ्यासास अपायकारक आहे.

विद्यार्थ्याने या क्षेत्रात काम करावयाचे ठरविल्यास प्रत्येक नोंदीत गेमचे नाव पुरेसे नाही. कोणत्या देशातील, कोणत्या वर्षाची, कितव्या दुरुस्तीची प्रत हाताळली. फाइलीची गणिती ठसेमुद्रा काय. सामग्री फाइलीत कोणत्या स्थानी होती. तिच्याकडे जाणारी सूचना पूर्णपणे काढलेली होती की केवळ बंद केलेली. आणि ती पडद्यावर आणण्यासाठी अभ्यासकाने स्वतः काय काय बदलले, हे तेथेच लिहिले पाहिजे. यांतील शेवटची बाब आजवरच्या हौशी नोंदींत सर्वाधिक वेळा गाळली गेलेली आढळते.