भरतीनंतरचे ग्राउंड

जालना जिल्ह्यात व्यायामाचे सगळ्यात स्पष्ट उद्दिष्ट पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडे असते. अंबड, परतूर, भोकरदन, घनसावंगी, कुठल्याही गावाबाहेर पहाटे डांबरी रस्त्यावर जा, ही मुले पळताना दिसतील. कशासाठी पळता, हे त्यांना विचारावे लागत नाही. शिपाई पदासाठी मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धाव, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक, असे मिळून 50 गुण. त्यातले निम्मे मिळाले तरच लेखीची वाट मोकळी होते. जालन्यातच राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 3 आहे. त्या बलात जायचे तर 5 किलोमीटर पळावे लागते.

व्यायामाची प्रेरणा कशी तयार होते आणि कशी संपते, हे समजून घ्यायला भरतीच्या ग्राउंडइतकी चांगली जागा नाही. इथे उद्दिष्टाला आकडा असतो. 400 मीटरच्या चार राउंड म्हणजे सोळाशे. 5 मिनिटे 20 सेकंदांचे टायमिंग लावायचे असेल तर प्रत्येक राउंड 80 सेकंदांत बसली पाहिजे. दुसरी राउंड 86 वर गेली की कमी कुठे पडते, ते त्याच मिनिटाला कळते. सोबत असते. एखादा पोरगा सकाळी आला नाही तर बाकीचे त्याला फोन लावतात. आणि जवळच्या दोन-चार गावांतला कोणीतरी भरती झालेला असतो, त्यामुळे हे आपल्यालाही जमेल, असा विश्वास असतो.

मग भरती होते. निवड झालेले प्रशिक्षणाला जातात, राहिलेले पुढच्या जाहिरातीची वाट पाहतात, आणि एक दिवस वय संपते. खुल्या प्रवर्गाला 28, मागासवर्गीयांना 33. त्या दिवसानंतर त्यातली फार थोडी माणसे पुन्हा पळायला जातात. तीन-तीन वर्षे रोज पहाटे उठलेला माणूस चाळिशीत जिना चढताना धापा टाकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याने कष्टाने कमावलेले काहीतरी निसटलेले असते, आणि त्याला कोणी सांगितलेलेच नसते की भरतीशिवायही पळता येते.

यात आळसाचा भाग थोडा आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेचा अनेक दशके अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार बाहेरच्या बक्षिसासाठी केलेली कृती बक्षीस संपले की बहुधा थांबते. टिकते ती कृती, जी आपण स्वतः निवडलेली असते, जिच्यात आपण हळूहळू तरबेज होतो आहोत असे जाणवते आणि जी आपल्याला माणसांशी जोडते. भरतीच्या ग्राउंडवर यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टी भरपूर असतात. पहिली मात्र नोकरीच्या गरजेखाली दबलेली असते. पळणे आपले आहे, असे वाटायला वेळच मिळत नाही.

शरीराचाही हिशेब कडक आहे. नियमित पळणाऱ्याने पूर्ण थांबायचे ठरवले तर दोन-तीन आठवड्यांतच दम कमी व्हायला लागतो. स्नायूंची ताकद त्यापेक्षा सावकाश उतरते. म्हणजे दम साठवून ठेवता येत नाही. विसाव्या वर्षी पळलेले चाळिसाव्या वर्षी फारसे उपयोगी पडत नाही, त्या आठवड्यात चाललेले पडते.

म्हणून उद्दिष्ट ठरवताना त्याचे दोन भाग करावेत. एक दूरचा मुक्काम, आणि दुसरे या आठवड्यात करायचे काम. 'दहा किलो वजन उतरवायचे' हा मुक्काम झाला. तो पूर्णपणे आपल्या हातात नसतो. खारट जेवण, पाणी, झोप, पाळी यांनी वजनकाटा एका दिवसात किलो-दीड किलोने इकडेतिकडे होतो. महिनाभर चालून काटा हलला नाही की माणूस चालणे सोडतो, आणि तोपर्यंत त्याची साखर, रक्तदाब, झोप सुधारायला लागलेली असू शकते, ते त्याला दिसतच नाही. 'आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायचे' हे काम झाले. ते झाले की नाही, हे कॅलेंडरवर फुली मारून कळते. मोजायचेच असेल तर या फुल्या मोजाव्यात. वजन महिन्यातून एकदा पाहावे, आणि कंबरेचा घेर त्याहून जास्त मन लावून पाहावा.

किती व्यायाम पुरेसा, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिले आहे. प्रौढ माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम, किंवा 75 ते 150 मिनिटे जोराचा, आणि दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे काय, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना सोबत्याशी बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग मध्यम. वाक्य मध्येच तुटायला लागले तर तो जोराचा. रोज 10,000 पावले चालायची म्हणून अनेकजण घाबरून सुरुवातच करत नाहीत. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या विक्रीबरोबर आला. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो.

आता एखादा चाळिशीतला माणूस घेऊ, जो कधीतरी ग्राउंड मारून आलेला आहे. त्याची मोठी अडचण म्हणजे त्याला जुने टायमिंग आठवते. पहिल्याच दिवशी तो सोळाशे पळायला जातो, पिंडऱ्या भरतात, नडगी दुखते आणि चौथ्या दिवशी बूट माळ्यावर जातात. त्याने पहिले दोन आठवडे रोज फक्त 10 मिनिटे चालावे. हे त्याला फार कमी वाटेल, आणि तसे वाटणेच बरोबर आहे. या पंधरवड्यात शरीर कमवायचे नाही, वेळ पक्की करायची आहे. तिसऱ्या आठवड्यात 15 मिनिटे, चौथ्यात 20, पाचव्यात 25, सहाव्यात 30. पाच दिवस धरले तर सहाव्या आठवड्याला 150 मिनिटे भरतात. पळायचेच असेल तर त्यानंतर, दोन मिनिटे पळणे आणि तीन मिनिटे चालणे अशा बेताने. रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबावे.

वेळ पक्की करायची म्हणजे काय, हे इंग्लंडमधल्या एका प्रयोगातून चांगले कळते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सारा मिल्न आणि सहकाऱ्यांनी 248 विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला काहीच वेगळे सांगितले नाही. दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायाम यांविषयी माहिती देऊन उत्साह वाढवला. तिसऱ्याला तीच माहिती दिली आणि वर एक वाक्य लिहून घेतले: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या जागी मी व्यायाम करेन. पुढच्या आठवड्यात पहिल्या गटातल्या 38 टक्क्यांनी व्यायाम केला, माहिती मिळालेल्या गटातल्या 35 टक्क्यांनी, आणि वाक्य लिहिलेल्यांपैकी 91 टक्क्यांनी. नुसत्या प्रवचनाने काहीच फरक पडला नव्हता. दिवस, वेळ आणि जागा ठरल्यावर पडला.

जालन्यात हे वाक्य घड्याळाला बांधून चालतेच असे नाही. औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळयांच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्याची सकाळ दर आठवड्याला बदलते. त्याने वाक्य शिफ्टला बांधावे: 'शिफ्ट सुटून झोप झाली की चहाच्या आधी मोती तलावाकडे 20 मिनिटे.' शेतकऱ्याने ते जनावरांच्या चारापाण्याला बांधावे. कुस्तीच्या तालमीत हेच काम वस्ताद करतो. डिसेंबर 2018 मध्ये जालन्यात महाराष्ट्र केसरीची लढत झाली, बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवले, तेव्हा मैदानावर जी ताकद लोकांनी पाहिली ती अशा शिस्तीतून येते. आज जोर मारावेत की नाही, हा विचार पैलवान सकाळी उठून करत बसत नाही. तो निर्णय आधीच झालेला असतो.

सवय लागायला 21 दिवस पुरतात, असे सर्रास सांगितले जाते. लंडनमधल्या फिलिपा लॅली यांनी 2010 मध्ये 96 जणांच्या रोजच्या नव्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18, तर अंदाजाने कोणाला 254 सुद्धा. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष खंड पडत नव्हता. आपल्याकडे एक दिवस चुकला की 'आता पुढच्या एक तारखेपासून' म्हणतात. एक तारीख नको, उद्या सकाळ पुरेशी आहे.

आणि इथे दिवस चुकणारच. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत किंवा दिवस मावळल्यावरच चालावे. पावसाळ्यात काळ्या मातीची वाट चालण्याजोगी राहत नाही, बुटाला किलोभर चिखल लागतो. पेरणी, कापूस वेचणी, सोयाबीनची काढणी, लग्नसराई, प्रत्येकात दोन-तीन आठवडे जातात. म्हणून घरात करता येईल असा एक छोटा पर्याय आधीच ठरलेला असावा. माझे मत सूर्यनमस्काराला आहे. समर्थ रामदासांचा जन्म 1608 मध्ये याच जिल्ह्यातल्या जांबचा, आणि ते रोज शेकडो नमस्कार घालत, अशी परंपरा सांगते. त्या आकड्याच्या मागे लागू नये. बारा नमस्कार सावकाश घातले तरी दंड, खांदे, पाठ, मांड्या यांना काम मिळते, आणि आठवड्यातले ताकदीचे दोन दिवस भागवायला ती चांगली सुरुवात होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आधी सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीचा व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले, शेवटपर्यंत त्याचा प्रचार करत राहिले आणि संस्थानच्या शाळांतही तो आणला. त्याला साधने लागत नाहीत, घरातल्या सगळ्यांना एकत्र करता येतो. टिकण्याचे कारण मला त्यातच दिसते.

बायकांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच बोलला पाहिजे. 2024 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या सुमारे 57 टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के आहे. 'दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?' असे शेतावरची बाई विचारते, तेव्हा ती चुकीचे बोलत नाही. खुरपणी-वेचणीची हालचाल खरी आहे. पण तासन्‌तास वाकून केलेल्या कामात पाठ आणि गुडघे झिजतात, ताठ होऊन मोकळे चालणे होत नाही. तिला अर्धा तास जास्त राबवायचे नाही, तिचा स्वतःचा अर्धा तास हवा आहे. तो एकटीला मिळत नाही. पहाटे भाकरी, पाणी, मुलांचे डबे, आणि अंधारात एकटीने रस्त्याला लागायची भीती. गल्लीतल्या चार-पाच जणींनी संध्याकाळची एक वेळ धरली तर भीती कमी होते, घरच्यांनाही ते मान्य होते, आणि एकीला कंटाळा आला तर बाकीच्या दारात उभ्या राहतात. त्या वेळात चूल कोण सांभाळणार, हे मात्र घरातल्या पुरुषांनी ठरवायचे आहे.

सवय लागली की अधूनमधून एखादा मोठा मुक्काम हवाच, नाहीतर चालणे नीरस होते. या जिल्ह्यात तो शोधावा लागत नाही. मंगळवारी संकष्टी आली की अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला हजारो लोक पायी जातात. अंतर सुमारे 25 किलोमीटर. तारीख दिनदर्शिकेत वर्षभर आधी दिसते, रस्ता ओळखीचा, सोबत अमाप. पण पुष्कळ जण वर्षभर न चालता एका रात्रीत थेट 25 किलोमीटर चालतात आणि मग आठवडाभर पायाचे फोड घेऊन बसतात. त्यापेक्षा आठ आठवडे आधी सुरुवात करावी. रोजचे चालणे आहे तसे ठेवून आठवड्यातून एकदा लांब चाल: 5 किलोमीटर, मग 7, मग 9, चौथ्या आठवड्यात विसावा म्हणून परत 7, पुढे 11, 13, 15 आणि शेवटी 18. अठरा सुखाने जमले तर सोबतीच्या आणि श्रद्धेच्या बळावर उरलेले सात होतात. बूट नवे घालू नयेत, मोजे जाड सुती नसावेत, आणि पाणी तहान लागायच्या आधी घोट-घोट प्यावे.

राजूरहून परतल्यावर दोन दिवस पूर्ण विश्रांती. तिसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, फक्त 10 मिनिटे चालायला जायचे. पुढची अंगारकी कधी आहे, हे त्याच दिवशी पाहून ठेवावे.