जुन्या लाकडी क्लॅरिनेटचा कालनिर्णय

भंडारा, तुमसर वा पवनी येथील एखाद्या बँडपथकाकडे जुने लाकडी क्लॅरिनेट आढळल्यास त्याचा कर्ता व काल कसा ठरवावा, याचे दिग्दर्शन प्रस्तुत टिपणात केले आहे.

प्रथम पाहावयाचा तो नळीवरील ठसा. परंतु ठशातील नाव कर्त्याचेच असेल असे नाही. विक्रेतेही दुसऱ्याच्या मालावर आपले नाव उमटवीत. म्हणून सर्व तुकड्यांवर ठसा एकच आहे काय, हे ताडून पाहावे. बूझी व हॉक्स या लंडनच्या दोन कंपन्या १९३० मध्ये एक झाल्या. अर्थात संयुक्त नावाचे वाद्य त्यापूर्वीचे असू शकत नाही.

दुसरे प्रमाण चाव्यांचे. क्लोझे व ब्यूफे यांनी बोम पद्धतीची रचना १८४३ च्या सुमारास सिद्ध केली. तथापि जुनी साधी रचना विसाव्या शतकातही प्रचारात राहिली. केवळ तीवरून प्राचीनत्व ठरत नाही.

तिसरे प्रमाण स्वरमानाचे. ब्रिटिश लष्करी बँडांनी सुमारे ४५२ कंपनांचे उच्च स्वरमान १९३० च्या सुमारास सोडले. त्या स्वरमानाचे वाद्य सुमारे दोन सेंटिमीटर आखूड असते.

मूळ चाव्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात. पितळकामासाठी विख्यात अशा भंडाऱ्यात तुटलेली चावी पितळेची बसविली जाणे सहज शक्य. तेव्हा काल ठरवावा तो मूळ नळीवरून, दुरुस्तीवरून नव्हे. वाद्य घासून चकचकीत करण्याच्या भरात ठसा पुसला गेल्यास मुख्य पुरावाच कायमचा नाहीसा होतो, हे वादकांस आधी सांगावे.