सुई धरायला शिकवण्याचे पैसे कोण भरतं?

बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला नाही, मग पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम शिकावं असं ठरतं. शोध सुरू केला की सगळ्यात आधी समोर येते ती जाहिरात: ‘तीन महिन्यांत फ्लेबॉटॉमिस्ट, शंभर टक्के नोकरी’. फीचा आकडा फोन केल्यावर कळतो. घरातली कुणी बचत गटातून कर्ज काढते आणि हाती येतं ते एक गुळगुळीत सर्टिफिकेट, ज्यावरचं संस्थेचं नाव लॅबवाल्यांनी ऐकलेलंही नसतं. हेच काम सरकारी खर्चाने शिकता येतं, पण त्याविषयी इतके गैरसमज आहेत की गरजू मुलंच त्यापासून लांब राहतात.

‘मोफत शिकवतात म्हणजे शिकवत नसणार’

प्रशिक्षण मोफत असतं ते शिकणाऱ्याला. प्रशिक्षण केंद्राला प्रत्येक प्रशिक्षणार्थीमागे पैसे मिळतात. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात शिकवण्याचा आणि परीक्षेचा खर्च सरकार उचलतं. परीक्षा त्या केंद्राबाहेरचा मूल्यमापक घेतो. फ्लेबॉटॉमिस्ट हे काम हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या यादीत आहे. म्हणजे अभ्यासक्रम काय, तास किती, प्रात्यक्षिक किती, हे केंद्रचालक आपल्या मनाने ठरवत नाही.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर याच योजनेतून आरोग्यसेवेतल्या सहा कामांसाठी खास मोफत अभ्यासक्रम काढले होते, एक लाख तरुणांना तयार करण्याचं उद्दिष्ट ठेवून. त्या सहांमध्ये नमुने गोळा करणाऱ्या मदतनिसाचं काम होतं. देशाने अडचणीच्या काळात ज्या प्रशिक्षणावर भिस्त ठेवली, त्याला फुकटचं म्हणून हिणवणं योग्य नाही.

म्हणून कुठल्याही केंद्रात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: माझ्या प्रशिक्षणाचे पैसे कोण भरतंय? योजनेचं नाव, टप्पा आणि बॅच यांची माहिती लगेच मिळाली तर पुढे बोलावं. उत्तर गोलमोल आलं तर उठावं.

‘थोडं डिपॉझिट तर सगळीकडेच घेतात’

योजनेतल्या बॅचला नोंदणी फी, परत मिळणारं डिपॉझिट, सर्टिफिकेटचा खर्च असलं काहीही द्यावं लागत नाही. मागितलं तर ती बॅच योजनेतली नाही किंवा केंद्र नियम मोडतंय. दोन्ही वेळा सल्ला एकच: पैसे देऊ नका. आधार कार्ड आणि मार्कशीटच्या मूळ प्रतीही कुणाकडे ठेवू नका.

‘आपण त्यात बसत नाही’

हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण माणूस चौकशीलाच जात नाही. कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात लघु प्रशिक्षणाची वयोमर्यादा १५ ते ४५ आहे. जातीच्या दाखल्याची किंवा पिवळ्या रेशनकार्डाची अट नाही. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या पस्तिशीतल्या बाईलाही दार उघडं आहे.

ग्रामीण गरीब कुटुंबांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना वेगळी आहे. महाराष्ट्रात ती ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालते. तिथे साधारण १५ ते ३५ वयाची मुलं घेतात, महिलांना ४५ पर्यंत सवलत आहे. घरातलं कुणी रोजगार हमीच्या कामावर गेलं असेल किंवा बचत गटात असेल, तरी त्या घरातल्या मुलाचा विचार होतो. निवासी बॅच असेल तर राहणं-जेवणही योजनेतून. गावातल्या बचत गटाच्या ताईंना किंवा तालुक्याच्या उमेद कक्षात विचारलं तर पुढची वाट कळते. पुण्याच्या बार्टी आणि सारथी, नागपूरची महाज्योती या संस्थाही आपापल्या समाजघटकांसाठी वेळोवेळी मोफत कौशल्य प्रशिक्षण जाहीर करतात.

एक अडचण मात्र खरी आहे. प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक वेळी फ्लेबॉटॉमीची बॅच असतेच असं नाही. योजना टप्प्याटप्प्याने येतात. चौथ्या टप्प्याची मंजुरी मार्च २०२६ पर्यंतची होती, म्हणून ‘आत्ता कोणती योजना चालू आहे’ हे विचारायलाच हवं. त्यासाठी जिल्ह्याचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र हे पहिलं ठिकाण. स्किल इंडिया डिजिटल हबवरही काम आणि जिल्हा निवडून केंद्र शोधता येतं.

‘सुई टोचायला काय, आठवड्यात जमतं’

शीर शोधणं सरावाने जमतं. पण रिपोर्ट बरोबर येण्याचा निम्मा भार नमुना घेणाऱ्याच्या हातावर असतो, आणि ते कसब आठवड्यात येत नाही.

नमुन्याच्या ट्यूबांची टोपणं पाहा. फिकं निळं रक्त गोठण्याच्या तपासणीचं, जांभळं सीबीसीचं, राखाडी साखरेचं. एकाच टोचण्यात तीनही भरायच्या असतील तर निळी आधी, जांभळी नंतर, राखाडी शेवटी. लाल-पिवळी निळीनंतर पण जांभळीच्या आधी. जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचा क्षार असतो, तो रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतो. त्यातला अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर धडधाकट माणसाचं पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम उतरलेलं दिसतं. डॉक्टर त्या कागदावरून उपचार ठरवतात. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर आतल्या औषधाचं प्रमाण बिघडतं आणि आकडा चुकतो. दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवायचा नाही. पेशंटला सारखी मूठ उघड-मीट करायला लावायची नाही, त्यानेही पोटॅशियम चढतं. जांभळी ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. जोरात हलवली की तांबड्या पेशी फुटतात आणि नमुना बाद होतो. मग त्याच आजीला पुन्हा टोचायचं.

शिवाय जिवाचा प्रश्न आहे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ती थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. सुई लागलीच तर जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठायचा. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत तर हवंच. कावीळ ‘ब’ची लस कामाला हात लावण्याआधीच घ्यायला हवी.

म्हणून केंद्र निवडताना फी नसणं पुरेसं नाही. रबरी हातावरचा सराव झाल्यावर कोणत्या हॉस्पिटलमध्ये किंवा लॅबमध्ये पाठवणार, किती दिवस, देखरेख कोण करणार, हेही विचारा. व्हिडिओ दाखवून सर्टिफिकेट देणारा कोर्स फुकट असला तरी महागात पडतो, आणि ती किंमत पेशंट मोजतो.

‘अनुभव आहे, आता शिकायला कुठे जाऊ?’

छोट्या लॅबमध्ये झाडलोट करता करता रक्त काढायला शिकलेली कितीतरी माणसं आहेत. हात तयार, पण कागद नाही, त्यामुळे मोठ्या लॅबच्या दारात अडतात. त्यांच्यासाठी पूर्वकौशल्य मान्यतेची सोय आहे. थोडं उजळणीचं प्रशिक्षण, मग परीक्षा आणि प्रमाणपत्र. योजनेतून केलं तर यालाही पैसे लागत नाहीत. माझ्या मते सगळ्या सोयींमध्ये ही सर्वांत न्याय्य, आणि तिची माहिती सर्वांत कमी जणांना असते.

‘सर्टिफिकेट मिळालं की नोकरी पक्की, नाहीतर स्वतःची लॅब’

नोकरीची हमी कुठलीच योजना देत नाही. केंद्र मुलाखती घडवून आणतं, इतकंच. शिकाऊ उमेदवारीचा मार्ग मात्र धरण्यासारखा आहे. त्यात लॅब किंवा हॉस्पिटल दरमहा विद्यावेतन देतं आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून सरकार त्याचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा उचलतं. शिकता शिकता चार पैसे हाती येतात.

लॅबचं म्हणाल, तर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालते. तंत्रज्ञ व्हायचं असेल तर २०२१ च्या केंद्रीय कायद्यात किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांचा अभ्यासक्रम सांगितला आहे. काही महिन्यांचं प्रमाणपत्र ही त्याची पळवाट नाही.

त्या लांबच्या वाटेलाही मदत आहे. मान्यताप्राप्त डीएमएलटीला, म्हणजे लॅब तंत्रज्ञाच्या पदविकेला, प्रवेश घेतलेल्या पात्र विद्यार्थ्यांना राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्ती मिळते. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. फक्त प्रवेश घेण्याआधी ते कॉलेज आणि तो अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत दिसतो का, हे स्वतः पाहून घ्या. प्रवेश झाल्यावर कळलं तर भरलेली फी परत मागणं फार अवघड जातं.