व्यक्तिचित्रांची मांडणी व स्वभावनिर्णय

सिंदखेडच्या जाधवांची एक शाखा देऊळगाव राजा येथे नांदली. त्या परिसरात काय किंवा उर्वरित महाराष्ट्रात काय, जिजाबाईंचे जे चित्र सर्वपरिचित आहे त्यात बाल शिवाजी मातेपाशी बसून तिच्या मुखाकडे पाहत असतो. या मांडणीतून मातेचा निर्धार व वात्सल्य प्रकट होते खरे. परंतु असली चित्रे अलीकडील चित्रकारांच्या कल्पनेतून निघालेली आहेत. त्यांवरून जिजाबाईंचा स्वभाव ठरविता येत नाही. त्यांच्याविषयीचा आपला भक्तिभाव तेवढा कळतो. चित्र साधन म्हणून हाती घेताना हा विवेक प्रथम केला पाहिजे.

खुद्द महाराजांच्या चित्रांविषयीही गोंधळ होता. एका मुसलमान सरदाराचे चित्र शिवाजी म्हणून बराच काळ प्रचारात होते, वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच साधनांतील चित्र पुढे आणल्यावर तो भ्रम दूर होऊ लागला.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील गोवळकोंडा कलमाचे महाराजांचे एक अर्धाकृती चित्र ॲमस्टरडॅम येथील संग्रहालयात आहे. ते विट्सेन नामक डच गृहस्थाच्या संग्रहातील असून त्या संग्रहात मोगल, कुतुबशाही वगैरे अनेक पुरुषांची चित्रे आहेत. साचा बहुधा ठरीव असल्याने केवळ बसविण्याच्या ढबीवरून स्वभाव काढू गेल्यास सर्वच पुरुष एकस्वभावी ठरतील! साच्यात न मावणारे तेवढे पाहावे: गरुडनासिका, तीक्ष्ण नेत्र आणि ओठांवरील किंचित स्मित. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीनंतर एस्कॅलियट या इंग्रज पाद्र्याने, महाराजांस पाहिलेल्यांच्या सांगण्यावरून, असेच लिहिले आहे की, बोलताना ते हसल्यासारखे दिसतात व त्यांची दृष्टी भेदक आहे. पाद्री व चित्रकार यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, म्हणून हा मेळ मोलाचा. १६७७ साली महाराज भागानगरास गेले होते. तेव्हा तेथील चित्रकारांनी त्यांस पाहिले असणे संभवनीय आहे.

मनुचीने मीर महंमद याजकडून काढविलेले, सांप्रत पॅरिस येथे असलेले चित्र निराळे. त्यात महाराज अश्वारूढ असून सभोवती सशस्त्र पाईक चालत आहेत. मीर महंमद हा शहाआलमच्या पदरचा, म्हणजे शत्रुपक्षाचा. त्याने महाराजांस सिंहासनावर न बसविता वाटचालीत दाखविले. ही मांडणी महाराजांच्या मुद्रेपेक्षा मोगलांच्या मनातील त्यांची प्रतिमा अधिक सांगते, असे आमचे मत आहे. अविश्रांत फिरणारा वैरी त्यांना असाच दिसला असला पाहिजे.

पेशवाईच्या उत्तरकाळी चित्र समोर बसून काढविण्याची पाश्चात्य रीत पुण्यास आली. जेम्स वेल्सने १७९२ साली काढलेल्या चित्रात सवाई माधवराव एकटे नाहीत; सन्निध नाना फडणीस बसले आहेत, मागे सेवक उभे. पेशवे अठरा वर्षांचे, नाना पन्नाशीचे. धनी व कारभारी एकाच चौकटीत येणे हीच त्या राज्याची तत्कालीन स्थिती होय. मात्र १७९५ सालचा शनिवारवाड्यातील अपघात मनात धरून पेशव्यांच्या मुखावर खिन्नता शोधू नये. वेल्सला तो ठाऊक नव्हता.