शेवटच्या कलमाचे शिक्षण

व्यापारी करारनाम्यात तंटानिवारणाचे कलम बहुधा अगदी अखेरीस असते, आणि दर, मुदत व मालाची प्रत यांवर घासाघीस करून थकलेले उभय पक्ष ते न वाचताच सही करून मोकळे होतात. १९९६ ते २०२३ या सत्तावीस वर्षांत लवाद, सलोखा आणि मध्यस्थी यांविषयी आपल्याकडे जे कायदे झाले, त्यांचा मागोवा घेताना या उपेक्षित कलमाची आठवण मला पदोपदी होते. कारण कायदेमंडळाने वाटा बांधल्या, पण त्यांवरून चालण्याचे शिक्षण व्यापाऱ्याच्या वाट्याला फार उशिरा आले.

वास्तविक महाराष्ट्राला ही रीत परकी नव्हती. आज नोकरी सोडण्याच्या अर्जाला चिकटलेला ‘राजीनामा’ हा शब्द पेशवाईत वादी-प्रतिवादींनी पंचांचा निर्णय मान्य करण्याविषयी राजीखुशीने लिहून दिलेल्या लेखाचा होता, आणि १८१८ नंतर दक्षिणेचा कारभार हाती घेणाऱ्या एल्फिन्स्टनने पंचायतीची ही पद्धत शक्य तेवढी राखण्याचा आग्रह धरला होता. पुढे १८९९ आणि १९४० च्या कायद्यांनी लवादाला शासनमान्य चौकट दिली खरी. परंतु १९४० च्या कायद्याखाली निवाडा झाल्यावरही त्यावर न्यायालयाचा हुकूमनामा मिळवावा लागे, आणि कचेरीचे उंबरठे टाळण्यासाठी पत्करलेला मार्ग अखेर त्याच उंबरठ्याशी येऊन थांबे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती देसाई यांनी १९८१ साली या दुरवस्थेविषयी उघड खंत व्यक्त केली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या नमुना कायद्यावर आधारलेला १९९६ चा लवाद व सलोखा अधिनियम हे या खंतीचे उत्तर होते. २००२ पासून न्यायालयातील दावे लवाद, सलोखा वा मध्यस्थीकडे वळवणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ अमलात आले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीसाठी समिती नेमली आणि मध्यस्थांसाठी चाळीस तासांच्या प्रशिक्षणाचा पाठ रूढ झाला. २०१६ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र उभे राहिले. मात्र हे शिक्षण मुख्यतः तंटा मिटवणाऱ्यांचे होते. ज्याचा तंटा, तो कारखानदार वर्गाबाहेरच राहिला.

त्याला काय शिकवावयाचे, हे पाहिले म्हणजे या उणिवेचे गांभीर्य कळते. लवादांची संख्या सम नसावी, लवादाचे स्थान आणि भाषा करारातच नमूद असावी, या गोष्टी एका दुपारी समजतात. परंतु बड्या कंपनीच्या छापील करारात ‘लवाद आमचे संचालक नेमतील’ असे वाक्य असता त्यावर हरकत घेण्याचे धैर्य लहान पुरवठादाराला शिक्षणानेच येते, आणि तंट्याच्या निकालात ज्याचे हित गुंतले आहे त्याने एकमेव लवाद नेमू नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केल्याचे ठाऊक असले म्हणजे ते धैर्य दुणावते. मध्यस्थीचा सराव याहून सखोल असतो. नाकारलेल्या मालाचे पैसे मागणाऱ्याला तेथे खरेदीदाराच्या जागी बसवून त्याची बाजू मांडावयास लावतात. आणि थकलेल्या रकमेइतकीच पुढील वर्षाची मागणी, ठरलेली तारीख आणि बाजारातील पत ही आपल्याला मोलाची आहेत, हे त्याला तेव्हा प्रथम उमगते. दिवाणी दाव्यात मात्र त्याला केवळ रक्कम मागता येते.

लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी २००६ च्या कायद्याने आधी सलोखा आणि मग लवाद असा क्रम घालून दिला. व्यापारी न्यायालयांच्या कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने, तातडीचा हुकूम मागावयाचा नसेल तर, व्यापारी दाव्यापूर्वी मध्यस्थी आवश्यक केली, आणि ही अट बंधनकारक असल्याचा निर्वाळा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. २०२३ मध्ये तर मध्यस्थीचा स्वतंत्र अधिनियमच संमत झाला. म्हणजे आता मध्यस्थासमोर बसणे व्यापाऱ्याला बहुधा चुकत नाही. पण सक्तीने बोलावलेला माणूस आला तरी राजी होतोच असे नाही, आणि राजीपणावाचून झालेली बैठक ही दाव्याच्या मार्गातील आणखी एक तारीख ठरते. म्हणून व्यापारी मंडळांनी, उद्योगसंघांनी आणि वाणिज्य महाविद्यालयांनी हे शिक्षण हिशेबलेखनाइतकेच अगत्याचे मानावे, आणि तेही संबंध गोड असताना, सही होण्यापूर्वी द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या पूर्वजांनी राजीनामा निवाड्याच्या आधी लिहून घेतला, यातले शहाणपण त्या शेवटच्या कलमात आजही जागे करता येईल.